टायटिनचं पूर्ण रासायनिक नाव देवनागरीत छापायचंय: आकडा कोणता धरायचा, जोडाक्षरांचं काय करायचं?

दादर_पश्चिम

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन मिळून एकच प्रदर्शन आहे. भाषा आणि विज्ञान दोन्हींत बसेल असा विषय हवा होता, म्हणून ‘जगातला सर्वांत लांब शब्द’ घेतला आहे: टायटिन या प्रथिनाचं रासायनिक नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, देवनागरीत. जागा ८ बाय ४ फुटांचं एक आडवं पॅनेल.

अडलंय ते असं:

१. सगळीकडे १,८९,८१९ अक्षरं असा आकडा दिसतो आणि सोबत ‘३४,३५० अमिनो आम्लं’ असंही लिहिलेलं असतं. दोन्ही पॅनेलवर टाकू का?

२. नाव तयार कसं करायचं? हाताने लिहिणं शक्य नाही. इंग्रजी नाव कुठूनतरी उचलून लिप्यंतर करावं, की आणखी काही सोपा मार्ग आहे?

३. देवनागरीत अक्षरं मोजायची कशी? ‘ग्ला’ हे एक अक्षर की तीन?

४. एवढं सगळं एका पॅनेलवर मावेल का?

पेप्टाइडवाला

पहिल्या प्रश्नातच मेख आहे. ते दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, भागाकार पुरतो.

आधी नाव कसं बनतं ते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. नावात साखळीतली आम्लं एका टोकापासून, म्हणजे मोकळा अमिनो गट असलेल्या टोकापासून, ओळीने घ्यायची. शेवटचं सोडून प्रत्येक आम्लाच्या नावाची शेपटी काढून तिथे ‘इल’ लावायचा. ग्लायसिनचं ग्लायसिल, सेरिनचं सेरिल, ट्रिप्टोफॅनचं ट्रिप्टोफिल. शेवटचं आम्ल मात्र आपलं पूर्ण नाव राखतं.

छोटं उदाहरण घ्या. मेट-एन्केफॅलिन हे मेंदूत सापडणारं पाच आम्लांचं पेप्टाइड आहे. क्रम: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलानिन, मेथिओनिन. नाव झालं टायरोसिलग्लायसिलग्लायसिलफेनिलॲलानिलमेथिओनिन. रोमन लिपीत ७ + ६ + ६ + १२ + १० = ४१ अक्षरं.

तीन आम्लं या नियमाला थोडा फाटा देतात आणि चुका तिथेच होतात. ग्लुटामिनचं ‘इन’ काढून ‘इल’ लावलं तर ग्लुटामिल होईल, पण ते नाव ग्लुटामिक आम्लाने आधीच घेतलंय. म्हणून ग्लुटामिनचं ग्लुटामिनिल. तसंच ॲस्पार्टिक आम्लाचं ॲस्पार्टिल आणि ॲस्पॅराजिनचं ॲस्पॅराजिनिल. सिस्टिइनचं सिस्टिइनिल, कारण सिस्टिल म्हटलं की तो सिस्टिन या जोडरेणूचा अंश समजला जाईल.

आता भागाकार. रोमनमध्ये ‘इल’ लागलेली सगळ्यांत छोटी पदं पाच अक्षरांची: व्हॅलिल, सेरिल, लायसिल. सगळ्यांत मोठं फेनिलॲलानिल, १२ अक्षरांचं. नेहमीच्या प्रथिनात सरासरी सातच्या जरा वर पडते. पूर्वी ‘सर्वांत लांब’ म्हणून गाजलेली दोन नावं तपासा:

तंबाखू मोझेक विषाणूच्या डाहलेमेन्स वाणाचं आवरण-प्रथिन: १,१८५ अक्षरं, १५८ आम्लं. सुरुवातीला ‘ॲसिटिल’ची सहा अक्षरं आहेत, ती वजा करा. सरासरी ७.४६.

ट्रिप्टोफॅन सिंथेटेजची अल्फा साखळी: १,९०९ अक्षरं, २६७ आम्लं. सरासरी ७.१५.

आता १,८९,८१९ ला ३४,३५० ने भागा. येतात ५.५३. म्हणजे अख्खं टायटिन जवळजवळ नुसत्या व्हॅलिन, सेरिन आणि लायसिनचं बनलेलं असायला हवं. तसं ते नाही.

जुळणारा आकडा २६,९२६ आहे. १,८९,८१९ भागिले २६,९२६ म्हणजे ७.०५. हृदयाच्या स्नायूतल्या टायटिनच्या एन२बी नावाच्या रूपात इतकीच आम्लं आहेत. १९९५ मध्ये टायटिनचा संपूर्ण क्रम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो याच रूपाचा, आणि अक्षरांचा प्रसिद्ध आकडा याच लांबीला बसतो. ३४,३५० ही पुढे माहितीसंचात ‘प्रमाण’ म्हणून ठेवलेल्या जास्त लांब रूपाची संख्या आहे. लोकांनी एका रूपाची अक्षरं आणि दुसऱ्या रूपाची आम्लं एका वाक्यात बांधली आणि ते वाक्य तसंच फिरत राहिलं. ३४,३५० चं नाव खरोखर लिहिलं तर ते २ लाख ४० हजारांच्या पुढे जाईल.

थोडक्यात, पॅनेलवर एकच जोडी टाका: २६,९२६ आणि १,८९,८१९.

दादर_पश्चिम

बाप रे, हा भागाकार डोक्यातच आला नव्हता. पण एकाच प्रथिनाच्या दोन लांब्या कशा? जनुक तर एकच ना?

पेप्टाइडवाला

जनुक एकच, दुसऱ्या गुणसूत्रावर. पण त्यात ३६३ एक्झॉन, म्हणजे वापरात येऊ शकणारे तुकडे, आहेत. कुठल्या स्नायूत आहोत त्यावर त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे ते ठरतं. टायटिन स्नायूतल्या एका एककाच्या कडेच्या झेड-रेषेपासून मधल्या एम-रेषेपर्यंत पसरलेलं असतं, रेणू साधारण एक मायक्रोमीटर लांब. मधला काही भाग स्प्रिंगसारखा ताणला जातो. हृदयाच्या एन२बी रूपात ही स्प्रिंग आखूड आणि ताठ असते, हातापायांच्या स्नायूंत लांब. म्हणून त्या स्नायूंतलं एन२ए रूप ३३,४२३ आम्लांपर्यंत जातं.

स्प्रिंगच्या एका पट्ट्याला पीईव्हीके म्हणतात, कारण तिथे प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, व्हॅलिन आणि लायसिन यांची गर्दी आहे. तुमच्या पॅनेलवर तो पट्टा डोळ्यांना वेगळा दिसेल: प्रोलिल, ग्लुटामिल, व्हॅलिल, लायसिल ही चार पदं उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहतात. एवढाच भाग फिक्या रंगपट्टीवर छापा. नुसत्या अक्षरांच्या भिंतीतून स्नायूची स्प्रिंग दाखवता येते ती इथेच.

एक हिशेब कोपऱ्यात टाकण्याजोगा आहे. दोन आम्लं जोडताना दर वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. २६,९२६ आम्लांना २६,९२५ जोड, म्हणजे ४ लाख ८५ हजार डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) इतकं पाणी निघून गेलं. उरलेलं प्रथिन साधारण २९ लाख ७० हजार डाल्टनचं.

समासचक्र

मुख्य विषय रसायनाचा आहे हे मान्य, पण प्रदर्शन मराठी भाषा दिनाचंही आहे, म्हणून थोडं लुडबुडतो.

‘शेवटचं सोडून सगळ्यांची शेपटी जाते’ हे वाचून मराठी वाचकाला आठवायला हवा तो समास. ‘राजाचा पुत्र’ म्हणजे राजपुत्र: आतल्या पदाची विभक्ती गळते, शेवटचं पद ती अंगावर वागवतं. राजपुत्राला, राजपुत्राने. प्रथिनाच्या नावात ‘आतलं पद’ असल्याची खूण ‘इल’ आहे आणि शेवटचं पद मूळ रूपात राहतं. हा समास आहे, संधी नाही. हा फरक तुम्हाला छपाईत उपयोगी पडेल: जोडावर अक्षरं एकमेकांत मुरवायची नाहीत. मेथिओनिल + आर्जिनिल हे ‘मेथिओनिलार्जिनिल’ करायचा मोह होईल, दिसायला ते झकास दिसेलही, पण ‘मेथिओनिलआर्जिनिल’ असंच लिहा. नाहीतर पद कुठे संपलं ते शोधावं लागेल.

संस्कृतात लांब समासांची हौस जुनी आहे. विजयनगरच्या तिरुमलांबा राणीच्या ‘वरदाम्बिकापरिणयचम्पू’ या सोळाव्या शतकातल्या काव्यात १९५ अक्षरांचा एक समास आहे. तोच रोमन लिपीत उतरवला तर ४२८ अक्षरं भरतो. शब्द तोच, लांबी दुप्पट. म्हणून ‘सर्वांत लांब’ म्हणताना कुठल्या लिपीत हे लिहाच. १,८९,८१९ हा रोमनचा आकडा आहे, तुमच्या देवनागरी पॅनेलचा नाही.

माझा एक आक्षेप नोंदवून ठेवतो: हा शब्द नव्हेच. शब्द कुणीतरी वापरतं. हे नाव म्हणजे सूत्र उच्चारून दाखवण्याचा प्रकार आहे.

पेप्टाइडवाला

आक्षेप रास्त आहे. जीवरसायनातलं कुणीही हे नाव वापरत नाही. ‘टायटिन’ म्हणतात, जनुकाला टीटीएन म्हणतात. पद्धतशीर नाव कामाचं असतं ते छोट्या पेप्टाइडांसाठी. ग्लुटाथायोन घ्या: गॅमा-ग्लुटामिल-सिस्टिइनिल-ग्लायसिन. तिथे ‘गॅमा’ सांगतो की ग्लुटामिक आम्लाचा नेहमीचा नव्हे, तर बाजूच्या फांदीवरचा आम्लगट जोडात वापरलाय. तीनच आम्लं, पण नाव नसेल तर हे कळणार नाही.

शिवाय काटेकोर नियमाने प्रत्येक पदाआधी ‘एल-’ यायला हवा, आम्लाच्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी हे ‘डावं’ आहे हे सांगायला. अपवाद ग्लायसिन, त्याला डावं-उजवं नसतं. ‘एल-’ घातला की मध्ये जोडरेघा येतात आणि ‘एकसंध शब्द’ राहत नाही. विक्रमवाले तो गाळतात म्हणूनच विक्रम होतो.

आणि हाच खेळ पुढे नेला तर टायटिन मागे पडतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा क्रम १९८१ साली प्रसिद्ध झाला, १६,५६९ जोड्यांचा. त्याचं असंच नाव केलं तर ते २ लाख अक्षरांच्या पुढे जातं. पहिल्या गुणसूत्रात तर २४ कोटींहून जास्त जोड्या आहेत.

कळफलक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. इंग्रजी नाव उचलू नका. जालावर फिरणाऱ्या प्रतींमध्ये मध्येच ओळी गळालेल्या असतात, आणि अनेक ठिकाणी सुरुवातच चुकलेली आहे: ‘मेथिओनिलथ्रिओनिलथ्रिओनिलग्लुटामिनिलआर्जिनिल’. टायटिनचा क्रम एकाक्षरी संकेतांत, म्हणजे प्रत्येक आम्लाला एक रोमन अक्षर धरून, एम-टी-टी-क्यू-ए असा सुरू होतो. पाचवं पद ॲलानिल हवं, आर्जिनिल नव्हे. या एका पदावरून प्रत तपासा, बहुतेक कचरा तिथेच गळेल.

सरळ मार्ग असा. युनिप्रॉट या मोफत माहितीसंचात मानवी टायटिनची नोंद क्यू८डब्ल्यूझेड४२ या क्रमांकावर आहे. तिथे वेगवेगळी रूपं दिलेली आहेत, त्यातलं २६,९२६ लांबीचं ‘स्मॉल कार्डिॲक एन२-बी’ उघडा. वर दिसणारं पहिलं रूप घेऊ नका, ते ३४,३५० चं आहे. क्रम फास्टा स्वरूपात उतरवा. त्यात प्रत्येक आम्लाला एक रोमन अक्षर असतं.

फास्टा फाइलची पहिली ओळ ‘>’ चिन्हाने सुरू होते. तो मथळा आहे, काढून टाका. ठेवलात तर मथळ्यातल्या इंग्रजी अक्षरांचीही अमिनो आम्लं होतील आणि नावाच्या आधी एक भलतंच पेप्टाइड चिकटेल. मग दर ६० अक्षरांनंतरचे ओळबदल काढा. फाइल विंडोजवर उघडून साठवली असेल तर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असू शकतात, दोन्ही काढा. आता एकूण अक्षरं मोजा. बरोबर २६,९२६ भरली तरच पुढे जा.

नंतर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २० नोंदींची डिक्शनरी, म्हणजे अक्षर आणि त्याचं पद असा तक्ता, करा. तुमच्या उपयोगासाठी मी पदं ठरवून देतो, कंसात देवनागरी अक्षरसंख्या:

जी ग्लायसिल (४), ए ॲलानिल (४), व्ही व्हॅलिल (३), एल ल्युसिल (३), आय आयसोल्युसिल (६), एस सेरिल (३), टी थ्रिओनिल (४), पी प्रोलिल (३), के लायसिल (४), आर आर्जिनिल (४), एच हिस्टिडिल (४), डी ॲस्पार्टिल (४), ई ग्लुटामिल (४), एन ॲस्पॅराजिनिल (६), क्यू ग्लुटामिनिल (५), सी सिस्टिइनिल (५), एम मेथिओनिल (५), एफ फेनिलॲलानिल (७), वाय टायरोसिल (५), डब्ल्यू ट्रिप्टोफिल (४).

शेवटचं अक्षर आय आहे. ते डिक्शनरीतून न घेता हाताने ‘आयसोल्युसिन’ लावा.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर वर्डमध्ये ‘शोधा आणि बदला’ वीस वेळा चालवूनही होतं. गंमत म्हणजे इथे देवनागरीचा फायदा आहे. रोमनमध्ये ए च्या जागी ‘ॲलानिल’ टाकलं की त्या शब्दातलेच ए, एल, एन पुढच्या फेऱ्यांत सापडतात आणि सगळा चिवडा होतो. तिथे कॅपिटल-स्मॉलचा भेद पाळायची खूणगाठ लावावी लागते. देवनागरीत बदललेलं पद रोमन शोधात येतच नाही, त्यामुळे वीस फेऱ्या कुठल्याही क्रमाने करा.

झालेलं नाव तपासायचं कसं? पदं मोजायला ‘ल’ मोजू नका, तो ग्लायसिलमध्ये दोनदा येतो. ‘ऱ्हस्व इकार आणि त्यानंतर ल’ ही जोडी मोजा. प्रत्येक पदात ती एकदाच येते, फक्त फेनिलॲलानिलमध्ये दोनदा. म्हणजे उत्तर २६,९२५ अधिक मूळ क्रमातली एफ ची संख्या इतकं यायला हवं. तसंच ‘ल्युसिल’ शोधून ल्युसिन मोजायला जाल तर आयसोल्युसिलही त्यात धरले जातील, आणि ‘ॲलानिल’ शोधाल तर फेनिलॲलानिल.

खिळेजुळारी

छपाईचं मी सांगतो.

प्रश्न ३. ‘ग्ला’ वाचणाऱ्यासाठी एक अक्षर, संगणकासाठी चार चिन्हं: ग, हलन्त, ल, काना. वरचं मेट-एन्केफॅलिन घ्या. डोळ्यांनी मोजलं तर ५ + ४ + ४ + ७ + ५ = २५ अक्षरं. संगणकाला लांबी विचारा, तो ४३ सांगेल. आणि कुणी ‘ॲ’ हे एकच चिन्ह न वापरता ‘अ’ वर चंद्र चढवला असेल तर ४४. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात आणि जुन्या कळफलकांवर दुसरा प्रकार भेटतो. एकच प्रकार धरा, नाहीतर शोध घेताना निम्मे सापडणार नाहीत. पॅनेलवर वाचकाची अक्षरं छापा, संगणकाची नव्हे. पायथनच्या साध्या लांबीत ही मिळत नाहीत. वरच्या कंसातले आकडे प्रत्येक आम्लाच्या संख्येने गुणून बेरीज करा. सरासरी चार धरली तर एकूण सव्वा लाखाच्या आत, साधारण १ लाख ८ हजार.

‘इल’मधला ल पूर्णच ठेवा. उच्चार तोडका आहे म्हणून कुणीतरी ‘ल्’ लिहायला सुचवेल. ऐकू नका. मेथिओनिल् नंतर थ्रिओनिल आलं की हलन्त ल पुढच्या थ्र ला जाऊन चिकटतो आणि ‘मेथिओनिल्थ्रिओनिल’ असं तिहेरी जोडाक्षर होतं. पदाची सीमा जोडाक्षराच्या पोटात गेली, आणि अक्षरसंख्याही बदलली. मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा ‘अ’ तसाही बोलत नाही.

प्रश्न ४. मावतं, आरामात. रोमनमध्ये कुरिअर १२ पॉइंटमध्ये इंचाला बरोबर १० अक्षरं बसतात, म्हणजे अक्षराला २.५४ मिलिमीटर. १,८९,८१९ अक्षरांची एकच ओळ केली तर ४८२ मीटर. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते. एकामागे एक जवळपास दोन लोकल उभ्या करा, एवढी. पॅनेल खाली लोकांना हे चित्र द्या, आकड्यापेक्षा ते पटकन कळतं.

देवनागरीत १२ पॉइंटला अक्षराला सरासरी ३ मिलिमीटर धरा. १,०८,००० अक्षरं म्हणजे ३२४ मीटर. पॅनेलची वापरायची रुंदी २.४ मीटर, तर १३५ ओळी. ओळींमधलं अंतर १८ पॉइंट ठेवा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्याहून कमी केलंत तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांवर बसतात. १३५ ओळींना ८६ सेंटिमीटर लागतील. ४ फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर, मथळ्याला वर एक फुटाहून जास्त उरतं. हे अंदाज आहेत. नेमका फाँट ठरला की आधी हजार अक्षरांची ओळ लावून पट्टीने मोजा.

ओळ तोडायची कशी, हा खरा घोळ. एवढ्या नावात एकही मोकळी जागा नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर जिथे कडा आली तिथे तोडतं, ‘ग्लुटा’ इकडे आणि ‘मिल’ तिकडे. दर पदानंतर शून्य रुंदीची मोकळी जागा घाला, युनिकोड क्रमांक २००बी. ती दिसत नाही, पण तिथे ओळ मोडायची मुभा मिळते. मऊ जोडरेघ (सॉफ्ट हायफन) वापरू नका. ओळीच्या शेवटी ती दिसायला लागते आणि रसायनात जोडरेघेला अर्थ असतो. ही अदृश्य चिन्हं घालण्याआधीची फाइल वेगळी साठवा, मोजणी त्याच फाइलवर.

इनडिझाइनमध्ये काम करणार असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. सगळं नाव एकाच परिच्छेदात ठेवलंत तर प्रत्येक बदलाला प्रोग्रॅम गोठेल. दर काही ओळींनी नवा परिच्छेद केला तर मोकळा चालतो.

छापखान्याला उघडी फाइल देऊ नका. मुंबईतल्या पुष्कळ छपाईच्या दुकानांत अजून जुन्या, युनिकोडबाहेरच्या फाँटांवर काम चालतं. तिथे फाइल उघडली की मजकुराचे चौकोन होतात. पीडीएफ द्या, फाँट आत भरलेला. आणि फ्लेक्स नको. स्वस्त फ्लेक्सवर १२ पॉइंटचा ‘ष्ट’ किंवा ‘स्टि’ शाईने बुजतो. कागदावर प्लॉटरने किंवा बारीक छपाईच्या विनाइलवर काढा, आणि अख्खं पॅनेल काढण्याआधी ए४ आकाराचा एक तुकडा त्याच यंत्रावर मागून घ्या.

गिरगाव_ते_ठाणे

हे कुणी मोठ्याने वाचणार असेल तर? सेकंदाला दोन पदं धरली तरी १३,४६३ सेकंद, म्हणजे ३ तास ४४ मिनिटं. वाचक बदलत ठेवा, पीईव्हीके पट्ट्यात जीभ हमखास अडखळते.

दादर_पश्चिम

सगळ्यांचे आभार. क्रम उतरवला, २६,९२६ भरला. वर्डमध्ये वीस फेऱ्या केल्या. ‘इकार-ल’ची मोजणीही जुळली. पहिली वीस पदं टाकतोय, एकदा नजर फिरवाल का?

मेथिओनिलथ्रिओनिलथ्रिओनिलग्लुटामिलॲलानिलप्रोलिलथ्रिओनिलफेनिलॲलानिलथ्रिओनिलग्लुटामिलप्रोलिलल्युसिलग्लुटामिलसेरिलव्हॅलिलव्हॅलिलव्हॅलिलल्युसिलग्लुटामिनिलग्लायसिल

पेप्टाइडवाला

चौथं पद बघा. क्रमात क्यू आहे, तिथे ग्लुटामिनिल हवं. दहावं आणि तेरावंही तसंच. उलट १९वं ई आहे, तिथे ग्लुटामिल हवं आणि तुमच्याकडे ग्लुटामिनिल आलंय. तुमच्या तक्त्यात ई आणि क्यू अदलाबदल झालेत. ‘इकार-ल’ची मोजणी ही चूक पकडणार नाही, कारण दोन्ही पदांत ती जोडी एकदाच येते. दुरुस्त करताना आहे त्याच फाइलवर बदल करू नका. आधी ग्लुटामिलचं ग्लुटामिनिल केलंत तर सगळेच ग्लुटामिनिल होऊन बसतील आणि कुठला मूळचा कुठला ते कळायचं नाही. रोमन क्रमापासून परत सुरू करा.

वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या संगतीत आहात. ती १,९०९ अक्षरांची ट्रिप्टोफॅन सिंथेटेजची प्रसिद्ध साखळी ‘मेथिओनिलग्लुटामिनिलआर्जिनिल’ अशी सुरू होते. जिवाणूच्या जनुकावरून वाचलेल्या क्रमात दुसरं पद ग्लुटामिक आम्लाचं आहे, म्हणजे ग्लुटामिल. पूर्वी प्रथिन आम्लात उकळून तोडत आणि त्यात ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होऊन जाई. मग मुळात कुठलं होतं ते वेगळ्या मार्गांनी ठरवावं लागे. ‘दोन्हींपैकी काहीतरी’ असं सांगायला झेड हे अक्षर आजही एकाक्षरी संकेतांत राखून ठेवलेलं आहे. रोमनमध्ये ग्लुटामिनिल १० अक्षरांचं, ग्लुटामिल ८ चं. त्या विक्रमातली दोन अक्षरं तिथेच गळतात.

खिळेजुळारी

आणि बाराव्या पदाशी ‘प्रोलिलल्युसिल’ लागोपाठ दोन ल आलेत, तिथे छापखान्यातला कुणी हुशार ‘ल्ल्यु’ करून देईल. प्रूफ बघताना तेवढी जागा बोट ठेवून वाचा.